बेत वाचणारी नंदा

गणपतरावांना बाकड्यावर आडवं होता येत नव्हतं. आडवे झाले की श्वास कोंडायचा, म्हणून त्यांचा मुलगा त्यांना पाठीमागून धरून बसला होता. ओठ निळे पडले होते. समोर डायलिसिसची सहा मशीनं मोकळी उभी होती आणि ती चालवणारा योगेश हाताची घडी घालून म्हणत होता, "लिस्ट आल्याबिगर मी कोनालेच लावत नाही. मले नोकरी करा लागते." लिस्ट संगणकातून यायची होती. पडद्यावर एक चकरी सकाळी सात वाजल्यापासून फिरत होती. आता साडेआठ झाले होते. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने गणपतरावांना ऑक्सिजन लावला आणि तोही दवाखान्याच्या साहेबांना फोन लावत बसला. साहेब फोन उचलत नव्हते.

त्याच बाकड्यावर, गणपतरावांच्या शेजारी, नंदा बसली होती. तीही पेशंटच. संगणकाकडून ही लिस्ट कशी काढायची ते पहिल्यांदा तिनेच लिहिलं होतं.

नंदा अमडापूरची. अंगाने काटकुळी, डाव्या हातावर सुयांनी फुगलेली शीर, तिच्यावर कायम ओढणी. सत्ताविसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा नवऱ्याने तिला माहेरी आणून सोडलं. त्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही. मी बोलायचे. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात तिला संगणकाच्या खोलीत नोकरी मिळाली. वर नोकरी, खाली मशीन. कर्मचारी म्हणून मशीनवर तिची एक जागा राखलेली होती. त्या जागेवर ती जगत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही होतं.

मी तिथे कागदांच्या खोलीत मावशी होते. शिक्षण चौथी. पेशंटचे केसपेपर लावून ठेवायचे, मागितले की द्यायचे. नंदा पहिल्या दिवशी आली आणि नमस्कार नाही, चहा नाही, एकदम म्हणाली, "मावशी, तुमी कागद कसे लावता? पयले बेत सांगा."

"कसला बेत? लग्न हाय का इथं?"

"काम करायच्या आधी मानूस मनात बेत करते ना? तो."

हे तिचं कायमचं होतं. कोणी भाजी करायला घेतली तरी विचारायची, "पयले बेत दाखव." तिचं म्हणणं, संगणकही काही विचारलं की आधी बेत करतो, आणि तो बेत त्याला मागता येतो, वाचता येतो. लोक फक्त उत्तर वाचतात, बेत कोणी वाचत नाही. ती वाचायची. छापून भिंतीला चिकटवायची.

मी तिला सांगितलं. गठ्ठा पेशंटच्या नंबराने लावायचा आणि एका पेशंटचे कागद तारखेने, जुना वर, नवा खाली. डॉक्टर तीनच गोष्टी विचारतात. मागच्या वेळेपेक्षा वजन किती वाढलं, आजवर कितीदा आला, आणि शेवटचा कागद कोणता. एकदा लावलं की तिन्ही त्यातच निघतात. वजनासाठी त्याच्या लगेच वरचा कागद पाहायचा, खेपा मोजायच्या असतील तर मोजायच्या, शेवटचा पाहिजे तर खालून उचलायचा.

"शेवटच्यासाठी गठ्ठा उलटा नाही लावत?"

"काऊन लावू? मी काय याडी हाव? ज्याच्या पुढं कागद नाही, तो शेवटचा."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. म्हणाली, "मावशी, हेच मी त्या डब्याले शिकवून राह्यली." डबा म्हणजे संगणक. मग तिने मला समजावलं. संगणकातही प्रत्येक पेशंटचे कागद वेगळे धरून, मागचा-पुढचा पाहून, नंबर टाकता येतात. पण त्यासाठी ते आधी लावावे लागतात आणि लावणं हेच सगळ्यात जड काम. संगणक तसा हुशार. नंबराने आणि तारखेने लावलं असेल तर नुसत्या नंबराचं काम तो त्यातच उरकतो, पुन्हा लावत नाही. आधीपासून लावलेली सूची ठेवली असेल तर तेवढंही करत नाही. "पन तुमी उलटं मागतलं, तर तो उलटं लावून देते. हे चुकते साहेब, असं म्हनत नाही तो. नोकर हाय बिचारा."

"आपल्यासारखाच," मी म्हणाले.

तिचं काम दोन वर्षं नीट चाललं. सकाळी सातला बटण दाबलं की चहाचा घोट घ्यायच्या आत लिस्ट. कोणाच्या अंगात किती पाणी चढलं ते मागच्या वजनावरून निघायचं आणि ज्याचं जास्त तो आधी. एका पुढाऱ्याच्या माणसाने मध्ये घुसून मारामारी केली, तेव्हापासून साहेबांनी नियम केला की लिस्टशिवाय कोणाला मशीन नाही. नियम वाईट नव्हता. नियम करणारा वाईट होता.

साहेबांनी शहरातून एक माणूस आणला. त्याने नंदाचं लिहिलेलं मोडून नवं लिहिलं. वजनासाठी कागद सुलटे लावायचे, शेवटचा शोधायला तेच सगळे तारखेने उलटे लावायचे, आणि आणखी कशासाठी तरी तिसऱ्यांदा. नंदाने ठेवलेली लावलेली सूची जागा खाते म्हणून काढून टाकली. तिचा पासवर्डही काढून घेतला. पासवर्ड जाण्यापूर्वी नंदाने नवा बेत छापून घेतला होता. मला दाखवला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिने पेनने तीन ठिकाणी गोल केले होते. "इथं लावते, इथं पुन्हा लावते, इथं पुन्हा. आज कागद टेबलावर मावतात म्हनून चाललं. ट्रस्टच्या दुसऱ्या दोन केंद्रांचे कागद आले का मावनार नाहीत. मंग थोडे थोडे लावून मागच्या खोलीत नेऊन ठेवन, पुन्हा आनन, पुन्हा मिसळन. सकाळ जाईन त्यात."

तो कागद घेऊन ती साहेबांकडे गेली. मी दारात होते. साहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "नंदाताई, तुम्ही पेशंट आहात. जास्त ताण घेऊ नका."

हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून माझी मूठ वळते.

दोन केंद्रांचे कागद आदल्या संध्याकाळी संगणकात ओतले गेले. सकाळी चकरी फिरायला लागली.

पावणेनऊला नंदा बाकड्यावरून उठली. "मावशी, या अकरा जनांचे गठ्ठे आना." मी आणले. संगणकाला साऱ्या दुनियेचे कागद लावायला सांगितलं होतं, आम्हाला अकराच हवे होते. त्या शहरातल्या माणसाला हेही सुचलं नव्हतं. गठ्ठे माझ्या हाताचे, लावलेलेच होते. ती खालचा कागद उचलून मागचं वजन वाचायची, योगेश एकेकाला काट्यावर उभा करायचा, मी आकडा सांगायचे. गणपतरावांना दोघांनी धरून उभं केलं. वीस मिनिटांत लिस्ट झाली. गणपतराव पहिले. नंदा नववी. सहा मशीनं, म्हणजे ती दुपारच्या पाळीत. मी असते तर स्वतःला सहावी लिहिलं असतं. तसं तिला सांगितलंही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कागद योगेशपुढे ठेवला.

योगेश म्हणाला, "ताई, याच्यावर सही लागते."

तिने सही केली.

"तुमची चालत नाही ना पन."

"मंग कोनाची चालते? त्या चकरीची? लाव बे सुई. कोनी विचारलं तं माहं नाव सांगजो."

त्याने लावली.

साहेब साडेदहाला आले. चकरी फिरतच होती. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाच्या अधिकारात सही केली?" नंदा म्हणाली, "अकरा जन होते साहेब, त्यात मी नववी हाव. तुमीच पाहा." त्यांनी पाहिलं नाही. आठ दिवसांत नियमभंगाचं पत्र आलं. नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कर्मचाऱ्यांची राखीव जागाही. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी फक्त कागद आनून देल्ले." ते खरंच होतं. खरं असूनही त्याची मला लाज वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

पंधरा दिवसांनी शहरातल्या माणसाने नंदाचंच जुनं लिहिलेलं परत बसवलं, सूचीही बसवली, आणि खाली स्वतःचं नाव टाकलं. लिस्ट पुन्हा चहाच्या घोटात यायला लागली. साहेबांनी त्याचा सत्कार केला. मी हार आणायला गेले नाही, दुसरीला पाठवलं. एवढंच माझं धाडस.

नंदाला अकोल्याला नंबर मिळाला. आठवड्यातून तीनदा पहाटेची एस.टी., चार तास मशीन, पुन्हा एस.टी. मी एकदा तिच्याबरोबर गेले. परतीच्या गाडीत तिला बसायला जागा कोणी दिली नाही, मी भांडून घेतली. ती म्हणाली, "मावशी, भांडायच्या आधी बेत करत जा. तो खिडकीवाला खामगावले उतरनारच होता." दीड वर्ष तिने असं केलं. मग एका पावसाळ्यात ताप आला, तो शिरेतून अंगात पसरला आणि ती गेली. लोक म्हणाले, सुटली. सुटली नाही. तिला जगायचं होतं. तिची जागा काढून घेतली होती.

त्या सकाळी बाकड्यावर नंदा धरून अकरा माणसं होती. दहा जण त्याच संध्याकाळी घरी गेले, गणपतराव दुसऱ्या दिवशी.