जमुना, जागा होती

जमुनाशी मी खोटं बोलले. आणि परवा ती गेली.

आज बसवतच नाहीये. दुपारी मोलगीहून परत आले, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर.

शेजारची मंगला खिडकीतून ओरडली, "अवं बाई, बस ना एक जागे! कितली फिरी ऱ्हायनी!"

बसले की जीव घाबरतो. म्हणून उभ्याउभ्याच लिहितेय. चुका होतील, सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जमुना मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. गेली तीन वर्षं आम्हा शहाद्याच्या बायकांना सातपुड्यात ट्रेकला नेणारी आमची गाईड.

तिची एक पद्धत होती. सगळ्यात हळू चालणारीला पुढे घालायची आणि स्वतः शेवटी राहायची. पुढे बहुतेक वेळा मीच.

"चाला ताई, निवांत. डोंगर कुठे पळून नाही जात."

आम्ही बहुतेक जणी जैन. सूर्य बुडाला की जेवण बंद. पहिल्या वर्षी तोरणमाळच्या वाटेवर उशीर झाला आणि आमच्यातल्या तिघी उपाशी झोपल्या. तिला ते इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना पहाटेच हाकललं. त्यानंतर एकदाही आमचं जेवण चुकलं नाही. आणि आमच्याबरोबर तीही तेच खायची.

"कांदा नाही, लसूण नाही, बटाटा पण नाही? मग तुम्ही चढता कशाच्या जोरावर, ताई?"

"तुझ्या शिव्यांच्या," मी म्हणायचे.

पोट धरून हसायची.

तर यंदा आमचं मोठं ठरलं. चैत्रात हिमालय! फक्त लेडीज, नऊ दिवस, दोन नॅशनल पार्क, बुरांशची लाल फुलं, तिथलीच लेडी गाईड. बरोबर आमचा स्वयंपाकी महाराज आणि त्याची सगळी भांडी.

जमुनाला कळलं. लगेच फोन.

"ताई, मला पण न्या. मला बर्फ नाही बघायचा. ती गाईड बाई कसं काम करते ते बघायचं आहे. तंबू कसे लावते, दोर कसा बांधते. मग मोलगीला मी माझं स्वतःचं चालू करीन. पाड्यावरच्या चार पोरी तयार आहेत."

मी हो म्हणाले. अगदी आनंदाने हो म्हणाले.

घरी जेठानी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणाल्या, "ती मांसमच्छी खाणारी. महाराजच्या भांड्यांना हात लागला तर? आणि खोलीत तिच्याजवळ झोपणार कोण?"

"मी झोपेन." एवढंच बोलायचं होतं.

मूग गिळून बसले. तीन वर्षं जिच्या हातचा चहा प्यायले, तिच्यासाठी माझं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "जमुना, जागा भरल्या गं. पुढच्या वर्षी नक्की."

"बरं ताई," म्हणाली.

जागा भरल्या नव्हत्या. टेम्पो ट्रॅव्हलरमधली एक सीट रिकामी होती. तिच्यावर आम्ही खाखऱ्याचे डबे ठेवले.

ट्रिप छान झाली, खोटं कशाला बोलू? पण मन लागेना. तिथली दीदी दोराची गाठ दाखवत होती, बाकीच्या सेल्फी काढत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं, अरे, हे बघायला जी हवी होती ती घरी राहिली. तिथेच ठरवलं, परत गेल्यावर मोलगीला जायचं आणि तोंडावर खरं सांगायचं.

आले आणि लग्नसराई सुरू झाली. दुकान, पाहुणे, आज जाऊ, उद्या जाऊ. जायला तोंड नव्हतं हेही खरंच.

परवा तापाचं निमित्त झालं आणि सगळं संपलं. आज मी गेले. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

तिच्या आईने माझा हात धरला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी सांगत राहिली. जमुनाच्या धाकट्या बहिणीने, रमिलाने, मला मराठीत सांगितलं, "आई म्हणते, पुढच्या वर्षी तुम्ही तिला हिमालयात नेणार होत्या."

मला राहवलं नाही. रमिलाला बाजूला घेतलं. "जागा यंदाच होती गं. मी खोटं सांगितलं तिला."

"तिला माहीत होतं, ताई."

"कसं?"

"तुम्ही गाडीतला व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता ना. तिने बाया मोजल्या, सीटा मोजल्या. गाईड होती, आधी डोकीच मोजायची."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. पुन्हा एकदा मोजलं. मग टोपली घेऊन मोहफुलं वेचायला गेली."

म्हणजे आम्ही परत आल्यावर "ताई, पाय दुखले नाही ना?" म्हणून तिने फोन केला, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. आणि मी तिला बर्फाच्या गोष्टी सांगत बसले होते.

भांडायचं होतंस गं. चार शिव्या घालायच्या होत्यास. माझी लायकी तीच होती.

हे इथे चारचौघांत लिहितेय, कारण तिच्यापुढे बोलायचं राहून गेलं. जेठानी वाचतील. वाचू देत.

जमुना, जागा होती. मीच तुला नेलं नाही.

माफ कर. सुखानं जा, बाई.