शेंदरी म्हणजे कसा?

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. "डॉक्टर, हे गेले हो… झोपेतच," नलिनीवहिनी म्हणाल्या. त्याला आज सहा आठवडे झाले, पण माझं कशातच मन लागत नाही. पेपर उघडतो, मिटतो. कोट चढवून दारापर्यंत जातो आणि परत येतो. बायको म्हणते, "अहो, एका जागी बसा ना जरा." बसतो… आणि ते झाड डोळ्यांसमोर येतं.

मधू नागपूरचा, मी पुण्याचा. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत आमची घरं समोरासमोर. तो इंजिनिअर, मी डोळ्यांचा डॉक्टर, दोघंही आता रिटायर्ड. ऑक्टोबर लागला की मंडळींना पानांचे बदललेले रंग दाखवायला नेण्याचा मक्ता त्याचा. बावीस वर्षं तोच रस्ता, तीच वहिनींची कोथिंबीर भरलेली सांबारवडी. गाडी चालवता चालवता तो विचारायचा, "हं, ते वळणावरचं मेपल. बोला, कोणता रंग?" कोणी म्हणे कुंकवासारखा, कोणी वीटकरी, मुलं मागून ओरडत, "इट्स ऑरेंज, काका!" मी दर वेळी ठामपणे शेंदरी म्हणायचो. त्यावरून गाडीत भांडणं जुंपायची. तो स्वतः काहीच म्हणायचा नाही, उतरल्यावर खिशातल्या वहीत काहीतरी खरडायचा. आम्हाला वाटे, इंजिनिअरच तो, रस्त्याची नोंद ठेवत असेल.

गेल्या ऑक्टोबरात थंडी पडायला उशीर झाला होता. त्याच वळणावर मधूने गाडी थांबवली, खाली उतरून हात पसरले आणि म्हणाला, "पाहा बे, कसं लालभडक पेटलंय!" झाड चांगलं हिरवंगार होतं. मी म्हणालो, "मध्या, दवाखान्यात ये एकदा, तुझ्यासाठी पुन्हा उघडतो!" सगळे खो खो हसले. तोही हसला. परतताना मात्र त्याने कोणालाच काही विचारलं नाही. मला ते जाणवलं होतं… आणि तरी मी पुढे होऊन रेडिओ लावला.

तेराव्यानंतर वहिनींनी ती वही माझ्या हातात ठेवली. "त्यांना लाल-हिरव्यातलं कळायचं नाही, डॉक्टर. जन्मापासून. तरुणपणी रेल्वेच्या मेडिकलला नापास झाले, हातातली नोकरी गेली. तेव्हापासून कोणाला कळू दिलं नाही. तुम्हाला तर अजिबात नाही."

चाळीस वर्षं मी हेच लोकांना समजावत आलो. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन जातींच्या पेशी असतात. त्यातली एखादी जात नसली किंवा जरा वेगळी असली की लाल आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. बहुतेक वेळा हे आईकडून मुलाकडे येतं, आईला स्वतःला काही न होता. ते तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि समोरच्या घरात राहणारा माणूस मला कळला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मला माझी लाज वाटते, आणि ती कोणापुढे मांडावी ते समजत नाही.

वहीत प्रत्येक पानावर तेच झाड. तारीख, आणि पुढे आमची नावं : कोण काय म्हणालं. ते मेपल दर वर्षी त्याच आठवड्यात लाल व्हायचं, म्हणून गेल्या ऑक्टोबरातही त्याने वहीतल्या तारखेवर विश्वास ठेवला. एका पानाच्या कडेला लिहिलंय, "एक झाड, सात जण, सात रंग. मग चष्मा नक्की कोणाला पाहिजे बे?" बरोबरच आहे त्याचं. निरोगी डोळ्यांतही त्या पेशी सगळ्यांच्या सारख्या नसतात, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांतून कोणाला बघता येतं?

शेवटच्या पानावर हसलेल्या मंडळींपैकी कोणाचंच नाव नाही. एवढंच आहे : "यंदा उशीर. डॉक्टरला एकदा निवांत विचारायचं, शेंदरी म्हणजे कसा?"

ती वही घेऊन मी खिडकीत बसतो. वसंत लागलाय, अंगणातल्या मेपलला बारीक लाल फुलोरा आलाय… की तांबूस म्हणू? मारुतीच्या अंगावरचा शेंदूर, असं मी एका कागदावर लिहिलं आणि खोडलं. तो मारुती तरी मधूला कसा दिसला असेल? उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. त्याच्या प्रश्नापुढची जागा अजून कोरीच आहे. बावीस वर्षं तो आम्हाला विचारत राहिला, आणि "मध्या, तुला कोणता दिसतो रे?" असं आमच्यापैकी एकानेही त्याला कधी विचारलं नाही.