लखनौ ते कुशीनगर, वाटेतल्या सर्व मोऱ्यांसह

मंडळी, बातमी गंभीर स्वरूपाची आहे, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून वाचावी. आमच्या ह्यांनी रजा घेतली. केंद्र सरकारच्या रस्ते खात्यात इंजिनिअर म्हणून लखनौला बदली होऊन आल्यापासूनची ही पहिलीच. हज़रतगंजातल्या त्यांच्या ऑफिसात म्हणे चपराशानं अर्ज हातात धरून दोनदा विचारलं, "साहब, तबीयत तो ठीक है?"

तबियतीचा प्रश्न ह्यांचा नव्हता, सासूबाईंचा होता. त्या नागपूरहून आमच्याकडे मोतीबिंदू काढायला आल्या होत्या. दवाखान्यात खाट मिळाल्याचं कळलं, त्याच संध्याकाळी त्या म्हणाल्या, "दिनू, डोयाले चाकू लागाच्या आंधी मले कुशीनगर दाखव. मंग दिसो का नाही दिसो."

बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं ते कुशीनगर. नागपुरात दीक्षा घेतली तेव्हापासून तिथली निजलेली मूर्ती एकदा पाहायची, एवढी एकच मागणी त्यांनी मुलाकडे केली होती. अडचण अशी की सासूबाईंना उन्हात बरं दिसे, पण दिव्याच्या उजेडात सगळ्याचं धुकं होई. आणि कळलेल्या माहितीप्रमाणे मंदिर सूर्य मावळला की बंद. म्हणजे उन्हं आहेत तोवर पोचणं भाग. रजा तीन दिवसांची, चौथ्या दिवशी सकाळी दवाखाना.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. पहिल्या दिवशी बाराबंकी, फैजाबाद, बस्ती करत गोरखपूर. दुसऱ्या सकाळी कुशीनगर. वाटेत थांबायच्या जागा मी निवडल्या: कुठे खस्ता (खुसखुशीत कचोरी), कुठे शरयूच्या वाळूतली खरबुजं, कुठे नुसतीच आंब्याची सावली. मुक्काम ह्यांनी निवडला, म्हणजे डाक बंगला. हॉटेल नावाच्या वस्तूवर ह्यांचा विश्वास नाही. ट्रंककॉल लावून ते फैजाबादला ओरडले, "निजी काम से आ रहा हूँ. कोई इंतज़ाम नहीं चाहिए. किसी को बताना मत. माताजी साथ हैं."

वाचकहो, माझे यजमान सरळ मनाचे आहेत. सरकारी खात्यात वरचा अधिकारी फोनवर ओरडून सांगतो की मी खाजगी कामाला येतोय, कुणाला सांगू नका, तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो: साहेब गुपचूप तपासणीला निघाले आहेत, आणि संशय येऊ नये म्हणून म्हातारी आई सोबत घेतली आहे. फैजाबादनं बस्तीला फोन केला, बस्तीनं गोरखपूरला.

आम्ही तांबडं फुटता फुटता आमच्या जुन्या फियाटमधून निघालो. मुलं शेजाऱ्यांकडे ठेवली होती. गहू कापून झालेली पिवळी शेतं, मधूनच मोहाची झाडं, बैलगाड्यांवर भुशाचे डोंगर. बाराबंकीला खस्ता झाला. ह्यांनी तो उभ्याउभ्या, घड्याळाकडे बघत खाल्ला. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला गाणं म्हणावंसं वाटू लागलं.

फैजाबाद जवळ आलं तेव्हा रस्त्याकडेला चार माणसं झेंडूचे हार घेऊन रांगेत उभी दिसली. त्यांच्या मागे एक पुलिया (ओढ्यावरची मोरी), आदल्या रात्रीच चुना फासल्यासारखी पांढरीशुभ्र. तिच्या कठड्यालाही हार.

सासूबाईंनी मागच्या सीटवरून डोळे बारीक केले. "विहार हाये का हा?"

"नाही आई, मोरी आहे."

"मोरी? मंग तिले हार काहून घातला?"

हे "दोन मिनिटं" म्हणून उतरले. मला वाटलं, माणसांना समजावून परत येतील. पण समोर मोरी आणि तिच्यात एक बारीकशी भेग. हे पँट वर ओढून कमानीखाली उकिडवे बसले ते बसलेच. चारही माणसं शेजारी उकिडवी बसली. सगळ्यात लहान साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होता, "हुज़ूर, यह हमारे आने से पहले की है."

पुढे डाक बंगल्यावर मुर्गा, पुलाव आणि कस्टर्ड. ते संपेपर्यंत उठणं म्हणजे खानसाम्याचा अपमान. त्यानंतर आणखी एक मोरी, मग एक नाला, मग एक पूल. प्रत्येक ठिकाणी हे आधी रागावत, "मैं छुट्टी पर हूँ, भाई," आणि लगेच वाकून खाली बघत. खरं सांगू? त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला रागावताही येईना. हलवायाच्या दुकानात सोडलेला माणूस तो.

पहिल्या रात्री गोरखपूरऐवजी बस्तीलाच राहावं लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मोरीमागून मोरी, हारामागून हार. मी खिडकीतून खरबुजाची फोड पुढे केली, तर ह्यांनी ती खाता खाता सालीनंच भेग दाखवली. सासूबाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या फक्त दर थांब्यावर विचारायच्या, "सुनबाई, ऊन किती राह्यलं?"

"पुष्कळ आहे, आई."

तिसऱ्यांदा मी असं म्हटलं तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पालथा-उताणा करून पाहिला आणि म्हणाल्या, "कललं की वं."

गोरखपूरला पोचलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, कुशीनगर अजून बरंच पुढे होतं, आणि पांडे नावाचे ज्युनिअर इंजिनिअर जीप घेऊन उभे होते. शहराबाहेरच्या तीन पुलांची त्यांनी तयारी ठेवली होती. हे उतरून निघालेसुद्धा. मग मी पदर खांद्यावर घेतला आणि पांडेजींना बाजूला बोलावलं.

"पांडेजी, आपसे क्या छिपाना. साहब की असली जाँच तो कुशीनगर में है."

आपले पूल सुटले म्हणताच पांडेजींचा घाम थांबला. "कुशीनगर में? वहाँ क्या, भाभीजी?"

"वह मैं कैसे कहूँ? बस, सूरज डूबने से पहले पहुँचना है. रास्ते में कहीं रुकना पड़ा तो बहुत नाराज़ होंगे."

त्यानंतर जे झालं ते केवळ अवर्णनीय. जीप पुढे, फियाट मागे. हॉर्न असा की बैलगाड्या आपणहून शेतात उतरत होत्या. तिन्ही पूल सरकन मागे गेले. प्रत्येकाकडे ह्यांनी मान वळवून पाहिलं.

"ह्या पांडेला एवढी घाई कसली?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. "कर्तव्यदक्ष दिसतो."

मंदिराशी पोचलो तेव्हा राखणदार साखळी ओढत होता. पांडेजी जीप थांबण्याआधीच उतरले. "लखनऊ से मुआइना (तपासणी) है." साखळी पुन्हा सुटली.

परतीचं इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मध्ये येणार नाही. येताना आम्ही कुठेही थांबलो नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं, नजर चांगली आली, आणि सासूबाई आता जाड भिंगांतून माझ्या तांदळातले खडे वेचतात. लखनौत कुणी विचारतं, त्या रस्त्यावर थांबण्यासारखं काय आहे? मी खस्ता सांगते, खरबुजं सांगते. कुठे थांबू नये ते मात्र ज्याचं त्यानं शिकावं.

तर, मंदिर. त्याचं दार पश्चिमेला. मावळतीचं ऊन सरळ आत येऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर पडलं होतं. उजव्या कुशीवर निजलेली ती लांबच लांब मूर्ती, अंगावर केशरी वस्त्र. सासूबाईंनी ह्यांचा हात सोडला आणि पायांपासून सुरुवात केली. एकेक पाऊल, एकेक नजर. तळवे पाहिले, गुडघ्यांशी थांबल्या, हात पाहिला. चेहऱ्याशी आल्या तेव्हा ऊन अजून होतं. त्यांना दिसत होतं. हे पाठीमागे हात बांधून उभे होते आणि जन्मात पहिल्यांदा कुठे भेग आहे का ते पाहत नव्हते.

त्या शांततेत पांडेजी एक पाऊल पुढे आले, छाती पुढे काढली आणि खणखणीत सरकारी आवाजात म्हणाले, "कुल लंबाई लगभग बीस फ़ीट, सर."

सासूबाई झटकन वळल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हयू बोल बापा. लय चालून आला हाये तो, निजू दे."