खबऱ्याच्या हातचं जेवण

जेद्दातल्या आमच्या खोलीत स्वयंपाक करणारा माणूस पोलिसांचा खबऱ्या आहे, हे आम्हाला कळलं तेव्हा तो आत भात निवळत होता.

खोली शराफियातल्या एका कपड्याच्या दुकानाच्या वर होती. आम्ही सगळे कोकणातले. कोणी सुतार, कोणी प्लंबर, मी वायरमन. ज्या कंपनीने आणलं तिचं काम बंद पडलं होतं. कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही तिकडे होतो तो मालक, पासपोर्ट घेऊन बसला होता आणि फोन उचलत नव्हता. इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, मुदत उलटल्यावर आम्ही बाहेर मिळेल ते काम करू लागलो. अशा माणसांना तिकडे खल्लीवल्ली म्हणतात. ना कंपनीचा, ना कफिलाचा, ना सरकारचा. रस्त्यात पासपोर्टवाल्या पोलिसांनी इकामा मागितला की खेळ खलास.

स्वयंपाक करणाऱ्याला आम्ही चाचा म्हणायचो. खेडकडचा, पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा. तोही खल्लीवल्लीच. त्याच्या हातची तांदळाची भाकरी खायला शेजारच्या खोल्यांतली माणसंसुद्धा यायची. शिवाय त्याला बातमी असायची. आज बाब मक्केकडे जाऊ नका, आज मागच्या गल्लीने या, असं तो सकाळी चहा देताना सांगायचा आणि ते खरं निघायचं. त्याला कुठून कळतं, हे आम्ही विचारलं नाही. वाचत होतो, तेवढं पुरे होतं.

मग आमच्यातला टाइल्सवाला पकडला गेला. चाचाच्या गावासमोर, खाडीपलीकडच्या गावचा. गावी घराचे खांब उभे राहिले होते, स्लॅब पडेपर्यंत थांबायचं असं तो म्हणायचा. दुपारचा बलदच्या जुन्या बाजारात साबण आणि डोकेदुखीच्या गोळ्या आणायला गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, तरहीलमध्ये आहे म्हणून. तरहील म्हणजे घरी पाठवण्याआधी डांबून ठेवतात ती जागा. आम्ही त्याची बॅग भरून ओळखीच्या एका ड्रायव्हरबरोबर पाठवली. त्याच्या गादीवर प्लंबर झोपू लागला, कारण ती एसीच्या समोर होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मी त्या दिवशी एका दुकानाचं वायरिंग पुरं केलं आणि येऊन जेवलो.

काही दिवसांनी सुतार कामावरून लवकर आला. पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर चाचाला बसलेलं त्याने बलदमध्ये पाहिलं होतं. काच अर्धी खाली होती. चाचा हनुवटीने एका माणसाकडे खूण करत होता आणि शिपाई त्या माणसाला धरायला उतरला. सुतार हे आम्हाला हळू आवाजात सांगत होता, पण खोली एवढीशी, स्वयंपाकघराला दार नव्हतं.

चाचा कालवणाचं पातेलं घेऊन बाहेर आला, वर्तमानपत्रावर ठेवलं आणि आमच्यासमोर बसला.

"होय," तो म्हणाला. "मीच."

मग त्याने सगळं सांगितलं. तोही असाच बलदमध्ये पकडला गेला होता. अधिकाऱ्याने त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी जायचंय की इथे राहायचंय. राहायचं तर दर आठवड्याला माणसं दाखवायची. घरी मुलगी आजारी होती, तिचं औषधपाणी याच्यावर. तो हो म्हणाला. सुरुवातीला दुसऱ्या देशांची माणसं दाखवली, नंतर दुसऱ्या गल्ल्यांतली. धाड कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं, ते आम्हाला सांगायचा. आपल्या खोलीला हात लागू द्यायचा नाही असं त्याने ठरवलं होतं.

सुतार म्हणाला, "आणि टाइल्सवाला?"

चाचाने पातेल्यात पळी सोडली.

"त्या आठवड्यात दुसरं कोणी मिळालं नाही," तो म्हणाला.

कोणी हात उगारला नाही, कोणी शिवी दिली नाही. सुतार उठला, कपडे गोळा केले आणि दुसऱ्या खोलीवर गेला. प्लंबरने पातेलं पुढे ओढलं आणि वाढून घेतलं. मीही घेतलं. दुसऱ्या दिवशी चाचाने सकाळी चहा दिला आणि आज मागच्या गल्लीने जा म्हणाला. आम्ही मागच्या गल्लीने गेलो. असं पुढे कितीतरी महिने चाललं.

त्याच सुमारास गावी माझे वडील गेले. भावाने फोनवर सांगितलं, मी बरं म्हणालो. रडू येईल म्हणून गच्चीवर जाऊन बसलो, पण आलं नाही. खालून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग मला एवढंच कळलं की आता घरी जायचं. पासपोर्ट नव्हता, त्यामुळे पकडलं जाणं हाच रस्ता होता.

चाचा कांदा चिरत होता. मी म्हणालो, "चाचा, या आठवड्यात मला दाखवा."

त्याने सुरी खाली ठेवली नाही. नक्की का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मग त्याने कुठे उभं राहायचं ते सांगितलं. पोटभर जेवून जा, आत गर्दी असते, चांगले बूट घालू नकोस, चोरीला जातात. शेवटी म्हणाला, "गाडीत बसलास की माझ्याकडे बघू नको."

दुपारच्या नमाजानंतर दुकानं उघडत होती. मी बलदमध्ये बॅगांच्या एका दुकानासमोर उभा राहिलो. गाडी आली. शिपायाने इकामा मागितला, मी नाही म्हणालो, तो यल्ला, चल, म्हणाला. चाचा मागच्या सीटवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो सरकला आणि मला जागा दिली. तरहीलपर्यंत आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

मी मुंबईला उतरलो. घरी वर्षश्राद्ध व्हायचं होतं, तेवढं माझ्या हातून झालं. टाइल्सवाल्याला भेटायला गेलो. खांबांच्या सळ्या तशाच वर होत्या आणि तो शेजारच्या गावात कोणाच्या तरी बाथरूमचं काम करत होता. चाचाचं त्याला ठाऊक होतं. तोही त्याच गाडीत बसला होता. चाचाने आपल्याला प्यायला पाणी दिलं होतं, एवढंच तो म्हणाला आणि फरशी घासायला लागला.

पुढची हकीकत सुताराने तिकडून फोनवर सांगितली. अधिकाऱ्याची बदली झाली. नव्याला चाचा माहीत नव्हता, किंवा नको होता. त्याला एका सकाळी इतरांसारखाच उचलला आणि तरहीलमध्ये टाकला. आत त्याला ओळखणारे होते. त्याच्याशी कोणी भांडलं नाही. कोणी बोललंही नाही.

नंतर एकदा तो मला खेडच्या एसटी स्टँडवर दिसला, बाकावर, शेजारी भाजीची पिशवी. मी जाऊन बसलो. मुलीचं विचारलं. ती गेली म्हणाला, तो तिकडे असतानाच. तुला काम मिळतंय का, असं त्याने विचारलं. मिळतंय म्हणालो. चिपळूणची गाडी लागली तेव्हा मी उठलो.

"येतो, चाचा."

"ये," तो म्हणाला.

मला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत तो तसाच बसलेला दिसत होता.