नष्ट केलेल्या फ्रीजचे दार

पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस: माझा बंद पडलेला फ्रीज ई-कचरा संकलन केंद्राच्या गाडीत चढला. जबाबदार, गाडीसोबत आलेला प्रतिनिधी.

दसऱ्याआधीचा सोमवार: 'वस्तू नियमानुसार नष्ट केली' असे प्रमाणपत्र टपालाने आले. जबाबदार, खाली सही करणारे केंद्रचालक.

तुळशीच्या लग्नानंतरचा गुरुवार: तोच फ्रीज मला अनसिंग रस्त्यालगतच्या पडीक खदानीत उभा दिसला. आमच्या गावची मुले तेथे लपंडाव खेळतात. जबाबदार, खदानीची मालक ग्रामपंचायत.

चौथा जबाबदार पुढे येईल.

फ्रीज जुन्या बनावटीचा, बाहेरच्या खटक्याने बंद होणारा, आतून न उघडणारा. माझी दिवंगत पत्नी दसऱ्याला शिलाई मशीनबरोबर त्याचीही पूजा करी आणि दारावर कुंकवाची पाच बोटे उमटवी. ते ठसे रंगात मुरले होते. फ्रीज देताना ते पुसणे मला जमले नाही.

त्या गुरुवारी भर दुपारी पानही हलत नव्हते. खदानीत सात-आठ फ्रीज ओळीने उभे होते. आधी थंड करणारा वायू यंत्राने काढून घ्यावा, मग तेल, मग पत्रा आणि फोम वेगळा करावा, असे नियम सांगतो. येथे कोणीतरी तांब्यासाठी पाठीमागच्या साऱ्या नळ्या कापून नेल्या होत्या. वायू केव्हाच हवेत गेला होता. उरली होती पांढरी, उभी खोकी. माझ्या फ्रीजसमोर नारळ, लिंबू आणि हिरवे चोळीखण होते. पत्नीच्या बोटांवर कोणीतरी ताज्या कुंकवाची बोटे उमटवली होती. ती तंतोतंत बसली होती.

"काकाजी, चपला काढा," बाभळीखालून बकऱ्या राखणारी बाई म्हणाली. "देवी जागृत हाय."

"हा माझा फ्रीज आहे."

"मंग तुमच्याच घरून आली म्हना! परवा दिवसभर आतून ठकठक करून राह्यली होती. काल शांत झाली."

"उघडले का नाही?"

"देवीचं दार कोन उघडते जी? आमी पाच जनी आलो, ओटी भरली. तिनं आयकलं."

"तुझ्या बकऱ्या सगळ्या आहेत?"

तिचे हसू थांबले. "एक पिल्लू नाही. परवापासून. कोल्ह्यानं नेलं असन."

मी आयुष्यभर कायदा वाचत आलो. तरीही खटक्याला हात लावण्यापूर्वी मी चपला काढल्या.

पिल्लू आत होते. उघड्या दारातून शिरले असावे, आणि दार मिटून खटका बसला असावा. आतल्या प्लास्टिकवर खुरांचे ओरखडे दाराच्या फटीपर्यंत चढले होते. बाईने पिल्लू बाहेर ओढून मांडीवर घेतले.

"आमी हात जोडून उभ्या होतो, काकाजी. ते ठोकून राह्यलं होतं, अन् आमी हात जोडून..."

चौथा जबाबदार मी. प्रमाणपत्र फाइलला लावून मी निश्चिंत झालो. देण्यापूर्वी दार उतरवले नाही. त्या दुपारी आम्ही दोघांनी माझ्या फ्रीजचे दार पान्याने काढले. बाकीच्या फ्रीजना हात लावल्यास तक्रार करू, असे ग्रामपंचायतीने मला तोंडी बजावले आहे. म्हणजे कागदोपत्री नष्ट झालेल्या वस्तूंना संरक्षण आहे, मुलांना नाही. माझ्या तीन पत्रांना उत्तर आलेले नाही.

आता पत्रोत्तर नको. येत्या ग्रामसभेत, त्या बाईसमोर, केंद्रचालकांनी आणि सरपंचांनी उभे राहून सांगावे: जे नष्ट झाले म्हणून सही केली, ते उभे कसे? उरलेली दारे कोण काढणार, आणि कोणत्या दिवशी?