घरी सर्व ठीक

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत मी लोकांना पैसे कुठे गुंतवावेत ते सांगत असे. 'सल्लागार' हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं. लोक 'एजंट' म्हणत आणि मला त्याचा राग येई. माझी बहुतेक गिऱ्हाइकं चाळिशीतली. बँकेतले, शाळेतले आणि बोटीवरचे. बोटीवरच्यांशी व्यवहार पत्रानं चाले. पगार बायकोच्या खात्यात, बायको कागद घेऊन माझ्याकडे, आणि दर तीन महिन्यांनी हिशेबाचं पत्र मी बोटीवर धाडायचं. घरचा निरोपही त्यातच.

पावस गावचा एक इंजिनीयर असाच. बोटीवर वीस वर्षं काढून झाली होती. आता तिथलीच एक आंब्याच्या कलमांची बाग विकत घेऊन त्याला घरी राहायचं होतं. त्यानं पत्रातून विचारलं, आत्ताच येऊ, की वर्षभराचा आणखी एक करार करू? खाली एक ओळ होती : 'तिची तब्येत बरी असेल तरच सही करतो.'

त्याच्या बायकोला, वहिनींना, वाचता बेताचंच येई. पत्र मी वाचून दाखवलं. त्यांच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी मिरजेला जायला सांगितलं होतं, हे मला ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, गाठीचं काय लिहू नका हां. बोटीवर वाईट खबर धाडत नाहीत. माणूस दर्यात, येणार कसा? नुसता जीव खाईल स्वतःचा."

आमच्याकडे बोटीवाल्यांच्या घरात हे असंच चालायचं. बाप गेला तरी मुलाला तो बोटीवरून उतरल्यावरच सांगत. मी निमूट मानलं. शिवाय हिशेबही 'करार करा' असंच सांगत होता, आणि करार झाला तर माझंही कमिशन वाढणार होतं. उगाच साळसूदपणा कशाला करू? मी लिहिलं, घरी सर्व ठीक. वर्षभर काढा, मग बिनघोर या. त्यानं सही केली.

चार महिन्यांनी वहिनी आल्या त्या रिक्षापासून माझ्या खुर्चीपर्यंत येतानाच दमल्या. मिरजेला गेल्याच नव्हत्या. नवरा आला की जाऊ म्हणत राहिल्या. पदर सारखा करत त्यांनी हळूच विचारलं, "आता त्यांना या म्हणून लिहाल काय?"

मी त्यांना समजावलं. मला समजावायची भारी हौस! करार मोडला तर काय काय बुडेल ते कागदावर मांडून दाखवलं. "आठच महिने राहिले, वहिनी," म्हणालो. त्यांनी मान हलवली. पुन्हा तो विषय काढला नाही. श्रावणात त्या गेल्या.

तो आला तेव्हा तेरावंही उरकलं होतं. माझ्यासमोर येऊन बसला. शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. 'वहिनीच लिहू नका म्हणाल्या' हे वाक्य ओठांवर होतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "भाऊ, एकदा तरी मला बोलवा म्हणाली का हो ती?"

"नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैल झाला. "तशीच होती," म्हणाला. "माझ्या कामात कधी आड आली नाही." मग तो रडला, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

बाग त्यानं माझ्याच सल्ल्यानं घेतली. दर वर्षी पहिली पेटी तो स्वतः माझ्या दारात आणून ठेवी. मी ती शेजारीपाजारी वाटून टाकायचो. त्यातला एकही आंबा माझ्या घशाखाली कधी उतरला नाही.