भिंतीवरचा ठिपका

अण्णांचे किस्से सांगायला बसलं, की एक संपायच्या आत दुसरा तयार असतो. अण्णा म्हणजे बसवनगुडीतल्या आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर. आमच्यासारखेच बेंगळूरचे जुने मराठी, म्हणून नुसते अण्णा! तेव्हा एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं आणि वर्गात मुली दोनच, सरोजा आणि मी.

*

पहिल्याच तासाला मी विचारलं, "पृथ्वी मला ओढते, मग मीही तिला ओढते का?"

"ओढतेस की! जेवढी ती तुला, तेवढीच तू तिला."

"मग ती हलत का नाही?"

"अगं, ती केवढी जड, आणि तू केवढीशी! जरा जेवत जा!"

*

सरोजाची शंका वेगळीच. "आम्ही दोघी एका बाकावर बसतो. मग एकमेकींना चिकटत का नाही?"

"आकर्षण आहे, पण अगदी स्वल्प. बाकाचं घर्षण त्याला पुरून उरतं. तुम्ही चिकटता त्या गप्पांमुळं!"

*

एक मुलगा हळूच मागच्या बाकावर सरकला. अण्णा फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, "अंतर तिप्पट, आकर्षण एक नवमांश! पण माझ्या नजरेला हा नियम लागू नाही!"

*

तिसऱ्या वर्षी बाबांनी ठरवलं, शिक्षण पुरे, आता लग्न. माझं नाव काढायला ते कॉलेजात आले. मी रडून रडून बेजार झाले होते. प्रिन्सिपॉल मीटिंगमध्ये होते, म्हणून अण्णा बाबांना म्हणाले, "तोवर मुलीचं काम तरी बघा, रावसाहेब."

लॅबमध्ये अंधार केलेला. बारीक तारेला आडवी दांडी टांगलेली, दोन्ही टोकांना शिशाच्या लहान गोळ्या, मधे आरसा. आरशातून दिव्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर पडलेला. मी शिशाचे थोरले गोळे अलगद त्या गोळ्यांजवळ नेले. जराशा वाऱ्यानंही सगळं बिघडतं, म्हणून आम्ही गप्प बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ठिपका सरकू लागला.

"कोण ढकलतंय त्याला?" बाबा कुजबुजले.

"कुणी नाही, बाबा. गोळे एकमेकांना ओढताहेत."

बाबा खुर्चीच्या कडेवर येऊन बसले. त्या दुपारसाठी मी अण्णांची जन्मभर ऋणी आहे.

तेवढ्यात दार उघडलं. प्रिन्सिपॉल स्वतः! "तुम्हाला मुलीचं नाव काढायचं होतं ना?"

"आधी दार लावा!" बाबा ओरडले. "माझ्या मुलीचा प्रयोग चालू आहे!"

प्रिन्सिपॉलनी दार लावलं. बाहेरून!